जुन्या मोटारीचे वंगण



आपल्या धाराशिव जिल्ह्यातील तेर म्हणजे प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकात लिहिल्या गेलेल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात या तगराचा उल्लेख आहे. पैठणहून गोमेदासारखे खडे आणि तगराहून जाडेभरडे कापड व मलमल गाड्यांत भरून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून भडोचच्या बंदरापर्यंत नेत असत, असे त्यात म्हटले आहे. गाडी म्हटली की चाक आले, चाक म्हटले की आस आला, आणि आस म्हटला की वंगण आले. अगदी परवापरवापर्यंत आपल्या खेड्यांतून बैलगाडीच्या आसाला एरंडेलाचे काळे वंगण घालीत, आणि त्या वंगणाचे नळकांडे गाडीखाली टांगलेले असे.

यात एक शहाणपण होते. आपल्याकडे जवसही पिकतो, करडईही पिकते. पण आसाला एरंडेलच का? जवसाचे तेल हवेत सुकते आणि त्याची पापडी धरते. म्हणून ते रंगाच्या कामी येते, वंगणाच्या नाही. एरंडेल सुकत नाही, दाट असते आणि धातूला चिकटून राहते. पुढे १९०९ साली इंग्लंडातील वेकफील्ड कंपनीने आपल्या मोटार-तेलाला ‘कॅस्ट्रॉल’ हे नाव दिले, ते एरंडेलाच्या इंग्रजी नावावरूनच. सांगायचे एवढेच की, कोणत्या कामाला कोणते तेल, हा विचार आपल्या लोकांना नवा नाही. तोच विचार आज आपल्याला मोटारीच्या इंजिनापुरता करायचा आहे. आणि तोही नव्या कोऱ्या गाडीचा नव्हे, लाख-दीड लाख किलोमीटर धावून झालेल्या जुन्या गाडीचा.

अशा गाड्या आपल्या जिल्ह्यात पुष्कळ आहेत. १९५८ ते २०१४ पर्यंत निघालेली अँबॅसडर कुणा हौशी गृहस्थाने जपलेली असते. १९८३ ते २०१४ पर्यंत निघालेली मारुती आठशे अजून मुलांना शाळेत पोचवीत असते. एखादी डिझेलची जीप तुळजापूरच्या यात्रेकरूंची ने-आण करून एका कुटुंबाचे पोट भरीत असते. अशा कुटुंबाच्या दृष्टीने इंजिनाचे काम निघणे म्हणजे कित्येक महिन्यांची कमाई गॅरेजात ओतणे, आणि गाडी उभी असेल तितके दिवस घरी बसणे. हे संकट टाळता येत नाही असे नाही. मात्र ते टाळण्याचा मार्ग फार महाग डबा विकत घेण्यातून जात नाही. जुन्या इंजिनाला महागड्या तेलापेक्षा योग्य तेल, आणि योग्य तेलापेक्षाही वेळेवर पाहिलेले व वेळेवर बदललेले तेल अधिक उपयोगी पडते, हे आज मला आपल्यापुढे मांडायचे आहे.

तेल काय करते?

तेलाने घासणे कमी होते, एवढे सर्वांना ठाऊक असते. पण ते कसे, याचा उलगडा फार जुना नाही. १८८३ साली बीचम टॉवर नावाचा इंग्रज अभियंता रेल्वेच्या आसांवरील बेअरिंगांचे प्रयोग करीत होता. बेअरिंगच्या माथ्यावर तेल सोडण्यासाठी पाडलेल्या भोकातून तेल उलट वर येऊ लागले. त्याने भोकात बूच मारले, तर तेही बाहेर ढकलले गेले. मग दाबमापक लावून पाहिला, तेव्हा कळले की फिरणारा आस स्वतःच तेल ओढून घेतो आणि अरुंद फटीत पाचरीसारखे दामटतो. त्या दाबावर सारा भार तोलला जातो. १८८६ साली ऑस्बॉर्न रेनॉल्ड्स याने यामागचे गणित मांडले. म्हणजे नीट चालणाऱ्या बेअरिंगमध्ये धातू धातूला शिवतच नाही. तो तेलावर तरंगत असतो. हा तेलाचा थर माणसाच्या केसाच्या विसाव्या हिश्श्याइतका, किंवा त्याहूनही पातळ असतो. त्या एवढ्याशा थरावर इंजिनाचे आयुष्य अवलंबून आहे.

इंजिन बंद केले की हा थर निथळतो. म्हणून सकाळी चावी फिरवल्यानंतरचे पहिले काही क्षण झिजेचे असतात. त्या क्षणी इंजिन मोठ्याने रेस करणे म्हणजे कोरड्या घशाच्या माणसाला ताना घ्यायला लावण्यासारखे आहे.

वंगणाखेरीज तेलाची आणखी चार कामे आहेत. जिथे पाणी पोचत नाही तिथली उष्णता ते वाहून आणते. पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडर यांमधील बारीक फट बुजवून कॉम्प्रेशन टिकवते. काजळी व मळ आपल्यात धरून ठेवते. आणि गंजापासून रक्षण करते. शेवटच्या कामाचे महत्त्व कळण्यासाठी एक हिशेब ध्यानात घ्यावा. एक लिटर पेट्रोल जळाले की त्यापासून सुमारे एक लिटर पाणी तयार होते. त्यातले बहुतेक वाफेच्या रूपाने सायलेन्सरमधून निघून जाते. पण थोडे रिंगांच्या बाजूने खाली ऑइल चेंबरमध्ये उतरते. रिंगा झिजलेल्या असल्या तर जास्त उतरते. इंजिन चांगले तापले तर ही वाफ उडून जाते. गाडी घरून बाजारात आणि बाजारातून घरी एवढीच फिरली, तर तेल तापतच नाही. पाणी, न जळलेले पेट्रोल आणि काजळी यांचा चिकट गाळ होतो. काट्यावर दिसते ते पाण्याचे तापमान. तेल त्याच्या बरेच मागून तापते. म्हणूनच रोज दोन किलोमीटर फिरणाऱ्या गाडीचे तेल रोज तुळजापूरला जाऊन येणाऱ्या गाडीपेक्षा लवकर नासते. ‘माझी गाडी फिरतेच कुठे, तेल कशाला बदलू?’ हा प्रश्न म्हणूनच उलटा आहे. २०२५ पर्यंत देशभर वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल आले. इथेनॉल ओलावा ओढून घेते, तेव्हा कमी फिरणाऱ्या जुन्या गाडीच्या मालकाने याबाबत अधिकच सावध असावे.

डब्यावरचे आकडे

तेलाचा डबा हातात घेतला की त्यावर ‘२० डब्ल्यू–५०’ असे काही लिहिलेले दिसते. पुष्कळांना ते कंपनीचे नाव वाटते, तर काहींना तो दर्जा वाटतो. वस्तुतः तो तेलाचा दाटपणा आहे; शास्त्रीय भाषेत श्यानता. अमेरिकेतील मोटार-अभियंत्यांच्या संस्थेने, म्हणजे एसएईने, १९११ पासून ही क्रमवारी चालवली आहे.

काकवीचे उदाहरण घ्या. थंडीच्या दिवसांत ती बरणीतून उतरता उतरत नाही. तीच गरम केली की धार लागते. तेलाचेही तसेच आहे. इंजिनात त्याला दोन अवस्थांतून जावे लागते. सकाळी थंड असताना ते पातळ हवे, म्हणजे पंप त्याला झटकन वर चढवील; पुढे तापल्यावर ते फार पातळ होता कामा नये, नाहीतर थर तुटेल. डब्यावरचा दुसरा आकडा १०० अंश सेल्सिअसला दाटपणा किती राहतो ते सांगतो. सेंटिस्टोक या मापाने ४० क्रमांकाचे तेल १२.५ ते १६.३ आणि ५० क्रमांकाचे १६.३ ते २१.९ या टप्प्यात बसते. साधे पाणी या मापाने सुमारे १ असते, यावरून अंदाज यावा. ‘डब्ल्यू’ हे अक्षर हिवाळ्याचे. त्याच्या आधीचा आकडा जितका लहान, तितके तेल थंडीत लवकर वाहते. याची परीक्षा शून्याखालच्या तापमानात होते; २० डब्ल्यू तेलाची उणे १५ अंशांना. आपल्याकडे तशी थंडी कधी पडत नाही. म्हणून पहिल्या आकड्यासाठी आपण फार जीव टाकण्याचे कारण नाही. चैत्र-वैशाखात पारा चाळिशीच्या पुढे जातो आणि भरलेली जीप सोलापूरकडून तुळजापूरचा घाट चढते, तेव्हा खरी कसोटी दुसऱ्या आकड्याची लागते.

डब्यावर दुसरी खूण असते ती दर्जाची. अमेरिकन पेट्रोलियम संस्थेच्या पद्धतीत ‘एस’ने सुरू होणारी अक्षरे पेट्रोल इंजिनाची आणि ‘सी’ने सुरू होणारी डिझेलची. पुढचे अक्षर जितके नंतरचे, तितका दर्जा नवा. एसएल हा २००१ चा, एसएम २००४ चा, एसएन २०१० चा आणि एसपी २०२० चा. डिझेलमध्ये सीएच-४ हा १९९८ चा, सीआय-४ हा २००२ चा व सीके-४ हा २०१६ चा. डिझेलच्या तेलात काजळी धरून ठेवण्याची शक्ती अधिक लागते, म्हणून जीपमध्ये केवळ पेट्रोलचे तेल घालू नये. काही डब्यांवर दोन्ही खुणा असतात. ते दोन्हीकडे चालते.

जुन्या अँबॅसडर आणि पद्मिनीच्या मालकांसाठी इथे एक गोष्ट मुद्दाम सांगतो. या इंजिनांचे टॅपेट सपाट बुडाचे असून ते कॅमवर घासत चालतात. त्यांच्या रक्षणासाठी तेलात जस्त व फॉस्फरस यांचे एक संयुग घातलेले असते. पुढे गाड्यांच्या धुराड्यात धूर शुद्ध करणारी साधने आली. फॉस्फरसने ती निकामी होतात, म्हणून तेलातील त्याचे प्रमाण कमी करत एसएम दर्जापासून ०.०८ टक्क्यांवर आणले. पण हे बंधन ५ डब्ल्यू–३० किंवा १० डब्ल्यू–३० अशा पातळ तेलांना आहे. १५ डब्ल्यू–४० किंवा २० डब्ल्यू–५० यांना नाही. तेव्हा नव्या गाडीचे पातळ तेल ‘उत्तम’ म्हणून जुन्या गाडीत ओतले, तर दोन्हीकडून नुकसान होते: थरही पातळ आणि टॅपेटचे रक्षणही कमी.

मग निवड कशी करावी? गाडीच्या पुस्तकात जो क्रमांक दिला असेल, तो पहिला आधार. इंजिन नीट चालत असेल, तेल खात नसेल, तर लाख किलोमीटर झाले म्हणून क्रमांक बदलण्याचे कारण नाही. तापल्यावर ऑइल प्रेशर उतरत असेल, तेल थोडेथोडे कमी होत असेल, तर दुसरा आकडा एक पायरी चढवून पाहावा. ४० असेल तर ५०. त्याहून पुढे जाऊ नये. आणि ज्या अलीकडच्या गाड्यांत तेलाच्या दाबावर चालणारे टॅपेट किंवा व्हॉल्व्हची वेळ बदलणारी योजना असते, त्यांत हाही प्रयोग जाणत्या मेकॅनिकला विचारल्याशिवाय करू नये. तिथल्या तेलाच्या वाटा फार बारीक असतात.

काही गैरसमज

पहिला गैरसमज असा की, तेल जितके जाड तितके इंजिन सुखी. जाड तेलाने आवाज दबतो हे खरे. विकाऊ गाडीत हाच उपाय करून गिऱ्हाइकाला भुलवतात, हेही खरे. पण आवाज दबला म्हणजे झीज भरून आली असे होत नाही. उलट सकाळी ते तेल वर पोचायला उशीर लावते, आणि ज्या क्षणांची भीती तेच लांबतात.

दुसरा समज सिंथेटिक तेलाविषयीचा. ते घातले की जुनी गाडी गळू लागते, असे म्हणतात. आजचे सिंथेटिक तेल धड असलेले सील बिघडवीत नाही. मात्र गाळाने बुजलेली जुनी फट ते धुऊन मोकळी करू शकते. गळती आधीच होती, ती उघडी पडते एवढेच. पण जे इंजिन तेल खाते किंवा गाळते, त्यात हे महाग तेल ओतत राहण्यात फायदा थोडा. चांगले खनिज तेल घालून ते लवकर बदलावे, हे परवडते.

बाजारात ‘जास्त चाललेल्या गाड्यांसाठी’ म्हणून वेगळी तेलेही मिळतात. त्यांत कडक झालेले रबरी सील जरा मऊ करून फुगवणारी द्रव्ये असतात. बारीक पाझर त्यांनी थांबू शकतो. झिजलेल्या रिंगा किंवा सिलिंडर मात्र कोणत्याही डब्यातल्या औषधाने भरून येत नाहीत.

तिसरा समज, निरनिराळ्या कंपन्यांचे तेल एकत्र झाले की फाटते. मान्य दर्जाची तेले एकमेकांत मिसळलीच पाहिजेत, अशी त्यांची परीक्षा घेतलेली असते. नेहमीसाठी एकच ठेवावे हे ठीक. पण येडशीच्या पुढे रानात तेल कमी पडले, तर मिळेल ते योग्य क्रमांकाचे तेल घालावे. कमी तेलावर गाडी हाकण्यापेक्षा ते केव्हाही बरे.

इंजिनाची नाडी

वैद्य नाडी पाहतो, तशी इंजिनाची नाडी म्हणजे तेल मोजण्याची पट्टी. गॅरेजवाले तिला गेज म्हणतात. आठवड्यातून एकदा, सपाट जागी, इंजिन थंड असताना ती काढून पुसावी, पुन्हा घालून काढावी. दोन खुणांच्या मध्ये तेल हवे. बहुतेक मोटारींत या दोन खुणांमध्ये सुमारे एका लिटरचे अंतर असते. वरच्या खुणेच्याही वर भरू नये. क्रँक तेलात बुडून फेस करतो आणि फेसावर काही तरंगत नाही.

एक लहानशी वही गाडीत ठेवावी. किती किलोमीटरला, कोणत्या तारखेला, किती तेल वर घातले ते लिहावे. हजार किलोमीटरला पाव-अर्धा लिटर लागले तर जुन्या गाडीबाबत घाबरण्यासारखे नाही. एक लिटर लागू लागले, तर कारण शोधावे.

कारण धूर सांगतो. सकाळी चालू करताच निळा धूर येऊन थांबला, किंवा घाट उतरून पुन्हा ॲक्सिलरेटर दाबताच निळा लोट आला, तर व्हॉल्व्हचे सील किंवा गाइड गेलेले असण्याचा संभव जास्त. हे काम त्यामानाने लहान आहे. चढावर जोर देताना सतत निळा धूर येत असेल, तर रिंगांचा संशय घ्यावा. काळा धूर तेलाचा नसतो. इंधन जास्त जात असल्याचा किंवा एअर फिल्टर तुंबल्याचा असतो.

तेल भरण्याच्या झाकणाखाली थंडीत लोण्यासारखा पिवळट थर दिसला, तर बहुधा तो कमी फिरण्यामुळे साचलेल्या ओलाव्याचा असतो. एक लांबची फेरी केली की जातो. पण तोच थर गेजवर दिसला आणि रेडिएटरचे पाणीही कमी होत असेल, तर हेड गॅसकेट गेले असे समजून गाडी थांबवावी. न घालता तेलाची पातळी वाढली आणि वास पेट्रोलचा आला, तर जुन्या गाडीत पेट्रोल पंपाचा पडदा फाटलेला असू शकतो. डिझेलचे तेल मात्र बदलल्यावर थोड्याच दिवसांत काळे होते; ते काजळी धरून ठेवते आहे, म्हणजे आपले कामच करते आहे.

चालत्या गाडीत ऑइलचा लाल दिवा लागला, तर ‘पुढच्या गावात पाहू’ म्हणू नये. त्याच जागी कडेला घेऊन इंजिन बंद करावे. पुढच्या गावापर्यंतचा रस्ता कधीकधी पुऱ्या इंजिनाच्या किमतीचा पडतो.

तेल बदलणे

जुन्या इंजिनात साधे खनिज तेल असेल, तर पाच हजार किलोमीटर किंवा सहा महिने, यांपैकी जे आधी येईल तेव्हा बदलावे. पुस्तकात याहून कमी सांगितले असेल तर ते पाळावे. आपल्या कच्च्या रस्त्यांवरची धूळ हा इंजिनाचा मोठा शत्रू आहे. तिच्यातील वाळूचे कण एअर फिल्टरमधून सुटले की रिंगांवर कानशीसारखे काम करतात. म्हणून भूम-परंड्याच्या रानवाटांवर किंवा उसाच्या हंगामात शेतरस्त्यांवर फिरणाऱ्या गाडीचा एअर फिल्टर वरचेवर पाहावा.

तेल काढण्यापूर्वी इंजिन पाच-दहा मिनिटे चालवावे. कोमट तेल मळ घेऊन उतरते. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जाऊ नये. चेंबरचा नट काढून तेल पूर्ण निथळू द्यावे. फिल्टर प्रत्येक वेळी नवा घालावा. त्याच्या रबराला नव्या तेलाचे बोट लावून हातानेच आवळावा. नवे तेल भरून इंजिन चालू केल्यावर काही सेकंदांत लाल दिवा विझला पाहिजे. मग बंद करून, थोडे थांबून पुन्हा गेज पाहावे.

आत फार गाळ असेल, तर रॉकेल किंवा डिझेल घालून इंजिन ‘धुण्याची’ चाल आहे, ती टाळावी. सुटलेला गाळ तेल ओढणाऱ्या जाळीत अडकतो, आणि उरलेले रॉकेल नवे तेल पातळ करते. त्यापेक्षा हजार-दीड हजार किलोमीटरला तेल व फिल्टर असे दोनदा लागोपाठ बदलावेत. नव्या तेलातील द्रव्ये गाळ हळूहळू सोडवून नेतात. तेल घ्यायचे ते सीलबंद डब्यातलेच, आणि रिकामा डबा भोक पाडूनच टाकावा, म्हणजे त्यात भेसळीचे तेल भरून कोणी पुन्हा विकणार नाही.

जळके ऑइल

आता शेवटचा मुद्दा, आणि तो केवळ मोटारवाल्यांचा नाही. काढलेले जळके ऑइल पुष्कळ ठिकाणी गटारात, नाल्यात किंवा गॅरेजमागच्या मातीत ओततात. कोणी ते वाळवीसाठी लाकडाला फासतात, तर कोणी जनावराच्या जखमेवर लावतात. या तेलात झिजलेल्या धातूंचे कण आणि ज्वलनातून आलेली विषारी द्रव्ये असतात. ते दीर्घकाळ कातडीला लागणे माणसालाही अपायकारक आहे. जनावराच्या जखमेवर तर ते कदापि लावू नये. आपला जिल्हा पाण्याचा दुबळा. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या गावाची विहीर चार-दोन लिटर तेलाने नासावी, यासारखा करंटेपणा नाही. जळके तेल डब्यात साठवून, ते गोळा करून पुन्हा शुद्ध करणाऱ्या अधिकृत माणसाकडेच द्यावे. कायद्यानेही हे तेल धोकादायक कचऱ्यात मोडते; १ एप्रिल २०२४ पासून ते परत गोळा करून शुद्ध करवण्याची जबाबदारी तेल तयार करणाऱ्या कंपन्यांवरही टाकली आहे.

सारांश असा: पुस्तकातला क्रमांक पाहावा, गरज असेल तर एकच पायरी चढावे, पाच हजारांची किंवा सहा महिन्यांची मुदत पाळावी, धूळ आत जाऊ देऊ नये, आणि निघालेले तेल मातीत जाऊ देऊ नये. यातल्या कोणत्याच गोष्टीला मोठा पैसा लागत नाही. आपल्यापैकी ज्यांच्या दारात जुनी गाडी उभी असेल, त्यांनी उद्या सकाळी ती चालू करण्याआधी गेज काढून पाहावे आणि वहीत पहिली ओळ लिहावी, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.